रविवारचं धुणं

१२ सप्टेंबर, मंगळवार

क्राटिगरचा कुत्रा आज पुन्हा ओलाचिंब ऑफिसात शिरला आणि माझ्या टेबलाखाली अंग झाडून गेला. माझे मोजे भिजले. वर मालक म्हणतो कसा, "एल्सबेत, तू आवडतेस हो त्याला!" शी! ब्रुनो क्राटिगरची लाकूड कापायची गिरणी आहे, आणि गेली नऊ वर्षं तो आमच्या गावच्या नागरिकत्व समितीचा अध्यक्ष आहे. मी ग्रामपंचायतीची चिटणीस, एकतीस वर्षं. अध्यक्ष येतात नि जातात, त्यांचे कुत्रे येतात नि जातात, फरशी पुसायला मी.

आज एकच अर्ज आला. तेउता मोरिना, वय सत्तावीस, जन्म इथलाच, आईबाप कोसोवोचे. बाप बोगद्याच्या कामावर होता, वारला. मुलगी वृद्धाश्रमात नर्स आहे आणि आता तिला पोलिसात जायचंय. लेखी परीक्षा पास झाली, पळणं-पोहणंही झालं. पण पोलिसात स्विस माणूसच लागतो. जागा तिच्यासाठी वर्षअखेरपर्यंत राखून ठेवलीय, तोवर गावाचा होकार हवा. ग्रामसभेत हात वर झाले की पुढे कँटन, म्हणजे आमचं राज्य, आणि बेर्नचं केंद्र सरकार नुसते शिक्के मारतात. ग्रामसभा तीस नोव्हेंबरला.

मला यात काही अडचण दिसत नाही. मोरिना माझ्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. पोरगी जिन्यात भेटली की हसून बोलते. आणि आमची बोली अशी बोलते की डोळे मिटून ऐकलं तर क्राटिगरची भाची वाटावी. तिच्या दृष्टीनं हे कौतुक आहे की शिवी, देव जाणे.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्चला निघाले तर तळघरातून मशीनची घरघर. रविवारी! धुण्याच्या खोलीच्या दारावर यादी लावलीय: कुणाचा कुठला वार, किल्ली कुणी कुणाला द्यायची, आणि खाली जाड अक्षरात, रविवारी व सणाला धुणं बंद. माझा सोमवार. मोरिनांचा बुधवार. तळमजल्यावरच्या क्लारा लुथींचा शुक्रवार. चाळीस वर्षं ही यादी चाललीय, कुणाचं काही बिघडलं नाही.

दोन वर्षांत ही पाचवी वेळ. वाकून बघितलं तर तेउताच होती, पाठमोरी. खाली जाऊन भांडणं हा माझा स्वभाव नाही. घरी परत आले आणि चिठ्ठी लिहिली, सभ्य भाषेत: 'घराच्या नियमांची पुन्हा एकदा आठवण करून देण्यात येत आहे. आपल्या देशात रविवार हा विश्रांतीचा दिवस असतो. — एक रहिवासी.' तळघरात उतरायच्या दारावर चिकटवली आणि नेहमीप्रमाणे एक प्रत इमारतीच्या व्यवस्थापनाकडे पाठवली. कागद दोन जागी असला की तोंडातोंडी होत नाही.

प्रार्थनेला चार मिनिटं उशीर झाला. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. संताप झाला माझा.

४ ऑक्टोबर, बुधवार

समिती आज मोरिनांचं घर बघायला गेली. अर्जदार कसा राहतो ते बघायचं असतं म्हणे. समितीत तिघं: क्राटिगर, निवृत्त हेडमास्तर पिउस ग्रोब, आणि औषधांच्या दुकानातली लिसेलोट, जी त्या दोघांच्या तोंडाकडे बघून मान हलवते. चौथी मी, वहीसकट.

त्यांच्याकडे बूट दाराबाहेर काढतात. क्राटिगरनं काढले नाहीत. गिरणीतला भुसा आणि चिखल घेऊन तो थेट गालिच्यावर. तेउताच्या आईनं, श्प्रेसाबाईंनी, बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मी काढले. डाव्या मोज्याला नेमकं भोक निघालं, मग तासभर तो पाय उजव्याखाली दाबून बसले.

बाईंनी पिते केली होती, म्हणजे त्यांच्याकडची पालक भरलेली भट्टीतली पोळी, गरमागरम, पापुद्रे सुटलेली. क्राटिगरनं चार तुकडे खाल्ले. ग्रोब मास्तर कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत फिरले, जणू काही वह्या तपासायच्यात. लिसेलोटनं न्हाणीघर वापरायला मागितलं आणि इतका वेळ लावला की आतलं औषधांचं कपाट पाठ करून आली असणार.

"घरात कुठली भाषा बोलतेस?" क्राटिगरनं तोंडात घास असतानाच विचारलं.

"आईशी आईची," तेउता म्हणाली. "बाकी सगळ्यांशी आपली."

"आपली म्हणजे?"

"तुमची नि माझी, क्राटिगरसाहेब."

त्याला ते झोंबलं. श्प्रेसाबाईंनी लगेच पाचवा तुकडा त्याच्या बशीत घातला. त्यानं तोही खाल्ला.

जिन्यात आल्यावर बोटं चाटत म्हणतो, "वास बघितलास का कसला होता? लिही एल्सबेत, घरात अजून तिकडचंच वातावरण आहे." त्याच्या मिशीला पितेचा पापुद्रा चिकटलेला होता.

लिहिलं मात्र. चिटणीसाचं काम लिहिण्याचं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मुलाखत झाली. सभागृहात लांब टेबलाच्या एका बाजूला हे तिघं आणि मी, दुसऱ्या बाजूला ती एकटी. पांढरा शर्ट घालून आली होती, केस घट्ट बांधलेले. ग्रोब मास्तरांनी तिला सहा वर्षं शिकवलंय. तरी तिचं नाव दोनदा चुकले.

"गावातल्या चार हौदांपैकी कुठल्या हौदाचं पाणी प्यायचं नाही?"

"शाळेमागच्या. त्यावरून तुम्हीच मला ओरडला होतात, मास्तर. तिसरीत होते मी."

लिसेलोटला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

मग कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, जुनं तेल कुठे नेऊन द्यायचं, डोंगरावरून गाई उतरतात तेव्हा पहिला मान कुणाच्या गाईचा. सगळं आलं तिला. शेवटी ग्रोब मास्तरांनी ठेवणीतला प्रश्न काढला: आगीच्या बंबाची शेड कुणाच्या देणगीतून बांधली? तिला आलं नाही. मास्तरांनी कागदावर मोठी फुली मारली आणि पेनाचं टोपण लावलं, काय तो आनंद! मलाही माहीत नव्हतं. मुलाखत संपल्यावर मुद्दाम जाऊन पाहिलं. भिंतीवर पाटी आहे, पण तिच्यावर वेल इतका माजलाय की नखानं खरवडल्यावर आडनावाचा अर्धा भाग दिसला. उरलेला अर्धा अजून कुणालाच माहीत नसावा.

मग क्राटिगर खुर्चीत मागे रेलला. "लग्न कुणाशी करणार? आमच्यातल्याशी की तुमच्यातल्याशी? आणि पोरं किती काढणार?"

तेउता लाल झाली नाही की पांढरी झाली नाही. म्हणाली, "पोलिसांच्या मुलाखतीत हे कुणी विचारलं नाही."

"इथे मी विचारतोय."

"मग इथे मी उत्तर देत नाही."

शाब्बास, असं मनात आलं माझ्या. पण क्राटिगरनं लगेच दुसरं काढलं, "बरं, हे तरी सांग. रविवारी धुणं का धुतेस?"

मी चमकले. ह्याला हे कुणी सांगितलं?

"अडचण होती," ती म्हणाली.

"कसली?"

"ती माझी नाही, म्हणून सांगता येत नाही."

"नियम मोडायला अडचण हे काय कारण झालं?" ग्रोब मास्तर म्हणाले. ती खाली बघत राहिली. अगं, सांगून टाक ना काहीतरी! अशा वेळी तोंड शिवून बसलं की माणसांना वाटेल ते वाटतं.

घरी येताना विचार करत होते, की चुगली कुणी केली असेल. दुसऱ्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर असणार. त्याचा चेहराच तसा आहे. शेजाऱ्याच्या चड्ड्या-चादरींवर डोळा ठेवून समितीला कळवायचं! किती हलक्या मनाचं असावं माणसानं!

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी क्राटिगर आला, कुत्र्याशिवाय. म्हणजे काम होतं.

"एल्सबेत, ते लग्नाचं इतिवृत्तात नको. गमतीत विचारलं होतं मी."

म्हटलं, "विचारलं ते विचारलं."

"वरच्यांच्या हातात पडलं तर उगाच भेदभाव नि काय नि काय. तुझी निवृत्ती कधी गं?"

"पुढच्या वर्षी, जूनमध्ये."

"मग कशाला डोक्याला ताप?" माझ्या खांद्यावर थोपटलं त्यानं. हात धुतला नव्हता, डिंकाचा वास येत होता.

मी तो प्रश्न गाळला, तिचं उत्तरही गाळलं. पान नव्यानं टाइप केलं, क्रमांक जुळवले. पान इतकं स्वच्छ दिसतंय की बघवत नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

समितीची शिफारस आली: नकार. कारण द्यावंच लागतं, नुसतं आवडत नाही म्हणून चालत नाही. तर यांचं कारण: 'अर्जदार सामाईक जीवनाचे नियम पाळत नाही. शेजाऱ्यांनी पाच वेळा लेखी तक्रार केली आहे. सोबत प्रती जोडल्या आहेत.'

प्रती उलटल्या. माझं अक्षर. पाचही माझ्या, व्यवस्थापनाकडे पाठवलेल्या. 'आपल्या देशात रविवार हा' खाली कुणीतरी लाल पेन्सिलनं दोन रेघा ओढल्या आहेत.

दाताचा डॉक्टर बिचारा! जिन्यात त्याच्या नमस्काराला महिनाभर मी उत्तर दिलं नव्हतं.

तडक ग्रोब मास्तरांकडे गेले. ते बागेत पानं गोळा करत होते. म्हटलं, "मास्तर, त्या चिठ्ठ्या माझ्या आहेत. त्या धुण्याबद्दल होत्या, माणसाबद्दल नव्हत्या. काढून टाका."

"म्हणजे तू लिहिल्यास?" मास्तरांचा चेहरा उजळला. "मग तर फारच चांगलं. ग्रामपंचायतीची चिटणीस उगाच काही लिहीत नाही, हे गावाला माहीत आहे."

"पण मला असं नव्हतं म्हणायचं."

"आपल्या देशात, असं तूच लिहिलंयस ना? म्हणजे तिचा वेगळा कुठला तरी देश आहे, हे तुलाही वाटतंच की."

आणि लाज वाटते लिहायला, पण 'चिटणीस उगाच काही लिहीत नाही' हे ऐकून क्षणभर बरंही वाटलं होतं. स्वतःच्याच जिभेवर बुरशी आल्यासारखं वाटतंय. दोनदा दात घासले.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चर्चच्या वेळेला खाली मशीन सुरू झालं. या वेळी मी उतरले. तिला सांगायचं होतं की बाई, निदान ग्रामसभा होईपर्यंत तरी हे बंद ठेव.

धुण्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. तेउता हातमोजे घालून कठड्यावर चादर पसरत होती. वास आला, लघवीचा, वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी येतो तो. खाली रबरी कापड भिजत घातलेलं. चादरीच्या कोपऱ्यात बारीक भरतकाम, दोन अक्षरं: क. लु.

क्लारा लुथी! एक्याऐंशी वर्षांच्या, गावच्या महिला गायनमंडळाच्या वीस वर्षं प्रमुख. कॉलरला खळ केल्याशिवाय टपाल घ्यायलासुद्धा दार न उघडणाऱ्या. माझ्या लग्नात मेजावरचं कापड त्यांनीच भरून दिलं होतं.

तेउतानं मला बघितलं आणि चादर अंगाशी धरली. मग म्हणाली, "रविवारी सगळे चर्चला जातात, म्हणून रविवारी. वाळत घालतानाही कुणी दिसत नाही. शुक्रवारी धुवायच्या तर तळघरात सगळ्या बायकांची ये-जा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी त्याच पहाटे हातानं धुवायच्या. एकदा जिन्यात पडल्या, तेव्हा कळलं मला."

"अगं, मग हे मुलाखतीत का नाही सांगितलंस? तुझं अख्खं आयुष्य अडकलंय त्यात!"

"त्यांनी वचन घेतलंय माझ्याकडून. त्यांच्या मुलालाही माहीत नाही. हुन्त्सिकर बाई, तुम्हीही सांगायचं नाही. कुणालाच नाही. शब्द द्या."

मी दिला. दुसरं टोक धरून चादर पिळायला मदत केली. ती रबरी कापड घासत असताना मी दाराकडे लक्ष ठेवून उभी राहिले, एकतीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडणाऱ्याची पहारेकरी.

वर आल्यावर चिठ्ठ्या आठवल्या. त्या पाचही लुथीबाईंनी वाचल्या असणार, तळघरात उतरायचं दार त्यांच्या घरासमोरच आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी माणसासारखी वागले. हे आधी लिहून ठेवते.

व्यायामशाळेचा हॉल भरलेला, एकशे पाच माणसं. आधी बर्फ काढायच्या गाडीचा विषय झाला, त्यावर पाऊण तास भांडले. मग तेउता. चर्चेच्या वेळी उमेदवारानं बाहेर थांबायचं असतं, ती बाहेर गेली. दार लावून घेतलं. क्राटिगरनं शिफारस वाचली आणि म्हणाला, "तक्रारी चिटणीस वाचतील."

माझ्याच चिठ्ठ्या माझ्याच तोंडानं वाचल्या. दुसरी संपेपर्यंत मागून कुणीतरी म्हणालं, "बघा! अशी माणसं पोलीस होणार!" हशा झाला. क्राटिगर हसला, लिसेलोट हसली. ग्रोब मास्तर समजूतदारपणे मान डोलवत होते. ती सगळी तोंडं बघून मला अशी शिसारी आली की पाचवी चिठ्ठी अर्ध्यावर सोडून मी पेन खाली ठेवलं.

"मला आता चिटणीस म्हणून नाही, नागरिक म्हणून बोलायचंय," मी म्हटलं. "ह्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. आणि त्या चुकीच्या आहेत. ती पोरगी रविवारी स्वतःचं धुणं धुवत नाही. त्या चादरी क्लारा लुथींच्या आहेत. म्हातारपणामुळे त्यांना आता आवरत नाही, आणि दोन वर्षं ही मुलगी त्यांचं सगळं करते आहे, एक पैसा न घेता, एक शब्द न बोलता. तुमच्यापैकी कुणी केलं असतं?"

मग सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. लुथीबाई तिथेच होत्या, खळ केलेली कॉलर, पर्स मांडीवर. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, बहुतेक रुमाल.

क्राटिगर क्षणात पलटला, सरडाच तो! "असं असेल तर प्रश्नच मिटला. ही तर आपलीच पोरगी!" मी हात मोजले. चौऱ्याण्णव होकार, अकरा नकार. चौऱ्याण्णवांत माझाही एक.

दार उघडून तेउताला आत घेतलं तर टाळ्याच टाळ्या. लोक उठून उभे राहिले. क्राटिगरच्या बायकोनं तिला मिठीच मारली, "लुथीबाईंचं एवढं करतेस, देव तुझं भलं करो गं!" तेउताचा चेहरा पांढरा फटक पडला. आनंदानं माणसाचं असंच होतं. तिनं गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मी हात उंचावला.

लुथीबाई निघून गेल्या होत्या, त्यांना गर्दी सोसत नाही. सभेनंतरची वाइन मी दोन पेले घेतली.

३ डिसेंबर, रविवार

मशीनचा आवाज आला नाही. बरंच आहे, आता चोरून धुवायची गरजच नाही, शुक्रवारी उजळ माथ्यानं धुता येईल. गाजराचा केक करून लुथीबाईंच्या दाराशी ठेवला होता शुक्रवारी. अजून तिथेच आहे. घंटा वाजवली तर आतून पावलं आली, थांबली, परत गेली. सर्दी झाली असेल.

तेउता जिन्यात भेटली. मी म्हटलं, "काय, पोलीसबाई!" ती भिंतीकडे सरकून वर गेली. दमली असेल ड्यूटीवरून.

७ डिसेंबर, गुरुवार

लुथीबाईंचा मुलगा गाडी घेऊन आला. दोन पेट्या, एक दिवा, शिवणाचं मशीन. त्यांना त्याच्या गावाकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार आहेत, दोन तास लांब. म्हटलं, "अहो, आपला इथला एवढा चांगला आहे की!" तो म्हणाला, "आई म्हणते, या गावात ती दार उघडू शकत नाही."

लुथीबाई गाडीत पुढे बसल्या होत्या. मी काचेवर बोट वाजवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कॉलर नव्हती गळ्यात. मी त्यांना कॉलरशिवाय आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की मागच्या गुरुवारी सभेत मी काय केलं. भर गावात मी त्या बाईची चादर उलगडून दाखवली. शब्द दिला होता, चार दिवस टिकला माझा शब्द.

केक कचऱ्यात टाकला. त्याला वास यायला लागला होता.

१२ डिसेंबर, मंगळवार

तेउता गावाच्या होकाराचा दाखला न्यायला आली. मी कागद तयार ठेवला होता, शिक्का मारून, तिच्या नावाच्या सगळ्या मात्रा तपासून. उभी राहून हात पुढे केला. तिनं हात बघितला आणि कागद घेतला.

"इतिवृत्तात लुथीबाईंचं नाव आहे का?"

"आहे. सभेत जे बोललं जातं ते लिहावंच लागतं."

"आज तुम्ही ते बाहेर फळ्यावर लावणार?"

"नियम आहे. दहा दिवस."

"नाव काढा."

"झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, तेउता."

"मुलाखतीच्या इतिवृत्तातून माझ्या लग्नाचा प्रश्न गेला की," ती शांतपणे म्हणाली. "प्रत मागून घेतली होती मी. माझं उत्तरही गेलं."

पान काढलं आणि नव्यानं टाइप केलं, ती समोर उभी असतानाच. लुथीबाईंचं नाव गेलं, चादरी गेल्या, माझं अख्खं भाषण गेलं. 'चर्चेनंतर मतदान झाले' एवढंच उरलं. तिनं ते वाचलं, मान हलवली. गावाला सगळं पाठ झालंय, फळ्यावर नसलं म्हणून काय होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"मी तुझ्या भल्यासाठीच बोलले," मी म्हटलं. "नाहीतर तुझी जागा गेली असती."

"गेली असती. मग मी वरती अपील केलं असतं. मला चालत होतं ते. तुम्ही मला विचारलं नाहीत, त्यांना विचारलं नाहीत." कागदाची घडी घालता घालता ती थांबली. "एक विचारू?"

"विचार."

"चादरी आमच्याच असत्या तर? समजा मी आळशी असते, बुधवारी कंटाळा केला असता आणि रविवारी स्वतःच्या चादरी धुतल्या असत्या. म्हणजे तुमच्या इतकीच चांगली आणि तुमच्या इतकीच वाईट. तर तुम्ही उभ्या राहिला असतात?"

"पण नव्हत्या ना तुझ्या!" मी म्हटलं.

तिनं घडी पुरी करून कागद पिशवीत ठेवला. मग "येते," म्हणून गेली. दार हळूच लावलं.

क्राटिगर नंतर आला, कुत्र्यासकट. जानेवारीच्या वार्तापत्रात तेउताचा नि त्याचा फोटो छापायचाय म्हणतो, खाली लिहायचं, आमच्या गावाची लेक. कुत्र्यानं फरशीवर पाण्याचे ठसे उमटवले. ते पुसलेही नाहीत मी, तशीच बसून राहिले.

तिला हवं होतं एकच उत्तर, हो किंवा नाही. तोंडानं देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. चादरी तिच्या असत्या, तर माझा हात वर गेला असता का?

नसता गेला.